येतो म्हणाला

३ ऑक्टोबर, शुक्रवार

एका भोपळ्याची खरी किंमत मांडायची तर ती अशी: चार महिने, बसच्या एक्कावन्न फेऱ्या, एक छत्री (बसमध्येच राहिली), दोन विजारींचे गुडघे, उजव्या अंगठ्याचं नख आणि माझी कंबर. पैकी नख परत येतंय. बाजारात तेवढाच भोपळा भाजीवाली कापून पिशवीत घालून देते, शिवाय "आजोबा, जपून जा" म्हणते ते वेगळं.

ही वही दुकानातली. सदतीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. दुकान विकलं तेव्हा मशीनं, मोटारी, पट्टे, तेलाचे डबे सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं, कोऱ्या वह्या तेवढ्या कुणी घेईना. प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेत: मशीन, तक्रार, काम. मी रकाने न बघता आडवं लिहीत जातो.

शहराच्या टोकाला, शेवटच्या थांब्यापासून पंधरा मिनिटं चाललं की एक मोठं शेत लागतं. तिथल्या माळ्याने त्याच्या पट्ट्या पाडल्यात आणि माझ्यासारख्या हौशी शहरी माणसांना तो त्या हंगामापुरत्या कसायला देतो. माझी पट्टी अकरा ओळींची. पाच मक्याच्या, तीन रताळ्याच्या, दोन घेवड्याच्या, आणि अकरावी भोपळ्याची, पण भोपळ्याचा वेल ओळ पाळत नाही, पाहुण्यासारखा सगळीकडे हातपाय पसरतो. एकूण सात भोपळे धरलेत. त्यातला एक असा झालाय की माळीसुद्धा जाता-येता त्याच्याकडे बघून मान हलवतो.

हा खटाटोप कशासाठी, ते एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. ही जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा, सूनबाई आणि नात शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. नात सहा वर्षांची, जागच्या जागी गरगर फिरत असते म्हणून तिचं नाव मी भिंगरी ठेवलंय. मका डब्यात उगवतो, अशी तिची पक्की समजूत आहे. माझी इच्छा एवढीच, की काढणीच्या दिवशी या तिघांनी शेतावर यावं, स्वतःच्या हातांनी तोडावं, तिथेच भाजावं, तिथेच खावं. एक दिवस. बाकी माझं कुणाकडे मागणं नाही.

काल संध्याकाळी मुलगा येऊन गेला. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तो महिन्यातून एकदा आणून देतो. तिसरा मजला, खाली स्कूटर वाटेत आडवी लावलेली, त्यामुळे बसला नाही. पाणी उभ्यानेच प्यायला. हेल्मेट चढवून, दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा मी म्हणालो, "एकोणीस तारखेला, रविवारी, शेतावर काढणी आहे. तिघंही या. सकाळी लवकर या." नाडी बांधून तो सरळ झाला आणि म्हणाला, "बरं बाबा, येतो."

येतो म्हणाला. या कानांनी ऐकलं.

आणि माझे कान म्हणजे काय चीज आहे हे गिऱ्हाइकांना विचारा. बंद दाराआडून मशीन ऐकून मी सांगायचो, सुई वाकडी आहे, की बॉबिनमध्ये धागा गुंतलाय, की शिवणाऱ्या बाईचं घरी भांडण झालंय. सदतीस वर्षांत कान एकदाही चुकला नाही. कालचंच बघा. मुलाचा आवाज घोगरा होता, बंद डब्यातून आल्यासारखा. त्याला सर्दी झालीय, पैजेवर सांगतो. त्याने एका शब्दाने सांगितलं नाही, पण बापाच्या कानापासून सर्दी लपत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

रविवारी शेतावर जत्रा असते. प्रत्येक पट्टीवर कुणाचं ना कुणाचं खटलं येतं. माझ्या शेजारची पट्टी मास्तरीणबाईंची. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवण्याची सवय गेलेली नाही. दोन मुली, दोन जावई, चार नातवंडं, आणि सगळ्यांना एकाच वेळी सूचना.

मी त्यांच्याकडे पाठ करून डबा खातो. कुणाच्या घरात कान घालणं बरं नव्हे. तरी आज मोठ्या जावयाने तीन कणसं खाल्ली आणि "पहिलंच आहे" म्हणाला. धाकटीला मीठ जास्त लागतं. बाईंची सगळ्यात लहान नात चार वर्षांची आहे, ती कच्चा घेवडा खाते आणि विचारलं की तोंड मिटून नाही म्हणते. मधल्या नातवाला मधमाशी चावली नाही, फक्त जवळून गेली, पण रडून झालं. हे सगळं पाठ फिरवून.

जाताना बाईंनी विचारलं, "मिस्त्री, तुमची माणसं कधी येणार?"

"एकोणीसला. शब्द दिलाय मुलाने."

"वा! मग आमच्या गोंधळाला जोड मिळेल. भिंगरी आमच्या पोरांत खेळेल."

भिंगरीचं नाव मी त्यांना कधी सांगितलं ते आठवत नाही. बहुधा बरेचदा सांगितलं असावं.

८ ऑक्टोबर, बुधवार

चुलीसाठी खड्डा खणला. माळ्याकडून दोन विटा जास्त आणल्या, म्हणजे भिंगरीला बसायला उंच जागा होईल. माळी बोलायला कंजूष आहे, पण आज दोन वाक्यं बोलला. "मिस्त्री, मका या आठवड्यात काढा. दाणा दुधाचा आहे तोवरच गोड."

"एकोणीसला काढतो."

"एकोणीसला कडक होईल."

"माझी माणसं येणार आहेत. तोडलेला मका त्यांच्यापुढे ठेवू का? त्यांनी स्वतः तोडायला हवा."

माळ्याने बिडी विझवली. "मका कुणासाठी थांबत नाही," म्हणाला. चौथं वाक्य.

त्याचं खरं आहे, पण त्याला नात नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आल्याचा रस काढला, मधात घातला, बाटलीत भरला. बुचावर कापड, कापडावर दोरा. दोरा शिवणाचाच, दुहेरी पीळ, सात वेढे आणि माझी गाठ. ती गाठ सोडवायला माझ्याच घरात सगळे कात्री घ्यायचे.

मुलाच्या घरी बाटली घेऊन गेलो. दोन बस. दाराला कुलूप. शेजारच्या दारातून दूरदर्शनचा आवाज येत होता, यांच्या दारामागे नुसता फ्रिज गुणगुणत होता. कॉम्प्रेसरचा रबर ढिला झालाय, सांगायला हवं. बाटली खालच्या पहारेकऱ्याकडे दिली. "साहेबांना सर्दी झालीय, दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, सांगा."

पहारेकरी म्हणाला, "साहेबांना? सकाळी तर गाणं म्हणत गेले."

सर्दीत माणूस गाणं म्हणतोच. घसा साफ होतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ही असती तर म्हणाली असती, एकदा फोन करून विचारून घ्या, येताय ना म्हणून. पण मी गिऱ्हाइकांकडून एक शिकलोय. शुक्रवारी मशीन देतो म्हटलं की शुक्रवारी देतो. ज्याने बुधवारी फोन करून "शुक्रवारी नक्की ना?" विचारलं, त्याने माझा शब्द खोटा ठरवला. दिलेला शब्द पुन्हा विचारायचा नसतो.

म्हणून सूनबाईला दुसऱ्याच कामासाठी फोन केला. "भिंगरी रताळं सालीसकट खाते का?"

"का हो बाबा?"

"असंच."

"खाते की. काहीही खाते, समोर मोबाईल असला की." मग म्हणाली, "बाबा, बाटली मिळाली हं. पण सर्दी कुणाला..." मध्ये कुकरची शिट्टी झाली. "आणि बाबा, रविवारी आम्ही... अगं, ते ओढू नकोस! बाबा, नंतर बोलते हं, हिने सगळं पीठ सांडलं."

तिच्या डोक्यात रविवार आहे, एवढं कळलं. पुरे.

हिने मला माणसांच्या बोलण्याचा कोश करून दिला होता. "बघू" म्हणजे नाही. "नक्की बघू" म्हणजे नक्कीच नाही. "कशाला उगाच" म्हणजे द्या. "मला काही नको" म्हणजे आठवणीने आणा. ती म्हणायची, "तुम्हाला आवाज ऐकू येतात, बोलणं ऐकू येत नाही." मी हसायचो. सुनेने "बघू" म्हटलं नाही, मुलाने "बघू" म्हटलं नाही, तो सरळ "येतो" म्हणाला. या शब्दाला कोश लागत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चार ताटल्या घासून ठेवल्या. मीठ, लिंबं, लोण्याची डबी, चिमटा, कातडी हातमोजे. भिंगरीसाठी हिची जुनी छोटी कात्री तेल घालून, धार लावून घेतली. मोठ्या भोपळ्याचं देठ तिने स्वतः कापायचं. देठ जाड आहे, तिला दोन्ही हात लावावे लागतील. मी हात लावणार नाही, फक्त भोपळा धरून ठेवीन.

भोपळ्यावर टिचकी मारली. ठण्ण नाही, भद्द नाही, मधला आवाज: भरलेला. आत घट्ट आहे.

मक्याचं एक कणीस सोलून बघितलं. नख रुतत नाही आता. पण भाजला की चालेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

पहिली बस पकडली. सात वाजता शेतावर. दव होतं.

साडेआठ. विस्तव पेटवला. रताळी निखाऱ्यात पुरली, कारण त्यांना वेळ लागतो.

साडेनऊ. बाईंचं खटलं आलं. फाटकाशी प्रत्येक स्कूटर थांबली की मी ओळखतो. मुलाच्या स्कूटरचा सायलेन्सर सैल आहे, वळणावर खडखडतो. आतापर्यंत सात स्कूटर आल्या, एकही खडखडली नाही.

अकरा. रताळी झाली. बाहेर काढून कापडात गुंडाळली.

साडेबारा. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, या ना चार घास खायला."

"नको, येतीलच आता. वाहतूक असते."

बाई आपल्या माणसांकडे परत गेल्या.

दोन वाजता फोन केला. लागला. आधी आवाजच ऐकू आला: उंच छताखाली घुमणारा, पाण्याचा, पोरांच्या किंचाळण्याचा, शिट्टीचा. पोहण्याचा तलाव. त्यात भिंगरी, लांबून, "बाबा, बघा, बघा ना!"

"हं बाबा, बोला. बरं आहे ना?"

"बरंय. कुठे आहात?"

"भिंगरीच्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे. सगळ्यांना पोहायला आणलंय, नुसता कल्ला आहे इथे. काही काम होतं का?"

"नाही. असाच केला."

"गोळ्या आहेत ना?"

"आहेत."

"ठेवतो मग. हिला पाण्यातून काढायचंय."

ठेवला.

काम नव्हतंच. रताळी थंड झाली होती. मी बाईंच्या पोरांना वाटली. मका त्यांनी भाजून बघितला, थोरल्या जावयाने एक घास घेतला, जबडा थांबवला आणि म्हणाला, "दात आधी काढून ठेवायला हवे होते." सगळे हसले, मीही हसलो. विनोद चांगला होता.

आज पहिल्यांदा या पानाचा "तक्रार" असा छापलेला रकाना दिसला. त्यात काही लिहीत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

शब्द दिला होता. स्वतःच्या बापाला शब्द देऊन विसरला. विसरला असता तरी चाललं असतं, पण फोनवर त्याच्या आवाजात चुकल्याची एक काडीही नव्हती. माळ्याला निरोप धाडला: पट्टी सोडतो, जे उभं आहे ते तू घे. मोठा भोपळासुद्धा.

गोळ्या घेतल्या. दोनदा घेतल्या की एकदा, आठवत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ताडपत्री आणि चिमटा आणायला शेतावर गेलो. माळ्याने रताळी खणून नेली होती, घेवडा आणि बाकीचे भोपळे तोडले होते, मका कापून गुरांना घातला होता. मोठा भोपळा मात्र वेलावर तसाच. विचारलं तर म्हणाला, "तुमच्या नातीचा आहे ना तो? मी कशाला हात लावू?"

बाई एकट्याच होत्या, सोबत घेवडा खाणारी ती चार वर्षांची नात. चहा दिला. पोरगी माझ्या ताडपत्रीवर उड्या मारत होती. मी उठलो, ताडपत्री खांद्यावर घेतली आणि सवयीने म्हणालो, "बरं बाई, येतो."

पोरगी धावत आली, माझी विजार धरली. "कधी?"

"काय कधी?"

"कधी येणार? तुम्ही येतो म्हणालात."

बाई हसल्या. "अगं, आजोबा निघालेत. निघताना जातो म्हणायचं नसतं, म्हणून येतो म्हणतात. येतो म्हणजेच जातो."

"मग येतो म्हणायचं असेल तर काय म्हणतात?"

"तेव्हाही येतोच म्हणतात."

"मग कळणार कसं?"

इतकी वर्षं शिकवलेल्या बाई चहाचे पेले गोळा करू लागल्या. मला ते तिथेच, एक पाय बांधावर आणि एक पाय खाली असा उभा असताना कळलं. बुटाची नाडी बांधून झाली. बरं बाबा, येतो. त्याने मला काही वचन दिलं नव्हतं. तो जात होता.

मी हे शिकलो नव्हतो असं नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी दुकानाला निघताना "जातो" म्हणालो, तर हिने पदर खोचून दार अडवलं होतं. "जातो नाही, येतो म्हणा. पुन्हा म्हणा." मला पुन्हा म्हणावं लागलं. त्यानंतर सदतीस वर्षं रोज सकाळी म्हणालो आणि रोज संध्याकाळी आलो.

आणि दवाखान्यात, ढकलगाडीवरून तिला आत नेत होते तेव्हा, तिने दाराशी हात वर केला आणि म्हणाली, "येते हं." मी बाहेरच्या बाकावर डबा उघडलासुद्धा नाही. म्हटलं, येते म्हणालीय, आली की दोघं मिळून खाऊ.

हा शब्द मी दोनदा तसाच ऐकला आहे.

माळ्याला सांगितलं, पट्टी राहू दे. महिनाअखेरपर्यंत.

"त्यात आता आहे काय?"

"भोपळा आहे."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मुलगा गोळ्या घेऊन आला. पाणी उभ्यानेच. मशीन चालू असताना हात घालायचा नसतो. वाट बघितली. त्याने हेल्मेट चढवलं, वाकला, नाडी बांधली, सरळ झाला.

"बरं बाबा, येतो."

आवाज घोगरा. डब्यातला. मी जवळ गेलो आणि हेल्मेटवर टिचकी मारली, भोपळ्यावर मारतो तशी. ठक्. आतून तो दचकला. काच वर केली.

"काय?"

"काढ ते."

काढलं. केस चपटे झाले होते, लहानपणी आंघोळीनंतर व्हायचे तसे. "काय झालं बाबा?" आवाज लख्ख.

"कधी येणार?"

"अहो, निघालो म्हटलं मी."

"ते कळलं. मी विचारतोय, येणार कधी? शेतावर."

"कुठलं शेत?" मग आठवून, "ते अजून चालू आहे तुमचं? मला वाटलं, पावसाळ्यातच सोडलंत."

हेल्मेट त्याच्या हातात होतं. जाड, आतून फोम, कानांवर दोन्हीकडे उशा. मी ते घेतलं, डोक्यात घातलं. म्हटलं, "काहीतरी बोल."

त्याचे ओठ हलले. एक शब्द आत आला नाही.

काढून परत दिलं. "काय म्हणालास?"

"म्हणालो, बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

एकोणीस तारखेबद्दल मी काही काढलं नाही. गिऱ्हाइकाच्या हातून मोडलेलं नसेल तर त्याला तसं ऐकवू नये. एवढंच सांगितलं, की शेतात आता काही नाही, एक भोपळा आहे, त्याचं देठ भिंगरीने कापायचं आहे, आणि वेल सुकत चाललाय.

तो दाराच्या चौकटीला टेकून मोबाईलमध्ये बघत राहिला. अंगठा खाली-वर. "रविवारी सकाळी तिचा नाच असतो दहापर्यंत... मग चारला हिच्या माहेरी..." मला वाटलं आता "बघू" येणार. मी कान मिटले असते, पण कान मिटता येत नाहीत.

"अकरा ते एक," तो म्हणाला. "जमेल. चालेल का?"

"चालेल."

"बाबा, अहो आधी नाही का सांगायचं?"

२ नोव्हेंबर, रविवार

अकरा वीसला वळणावर सायलेन्सर खडखडला. दोघंच. सूनबाईला घरी काम होतं, तिने पिशवी पाठवली होती. ती मी तारेला अडकवून ठेवली.

भिंगरी उतरली, सगळीकडे बघून घेतलं. "आजोबा, मका कुठंय?"

"संपला."

"रताळी?"

"खणली."

"मग आपण कशाला आलो?"

मुलगा म्हणाला, "भिंगरे!" पण प्रश्न रास्त होता. मी तिला हिची कात्री दिली आणि भोपळा दाखवला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, दोन्ही हातांनी टिचकी मारली, कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. "आत कुणी नाहीये," म्हणाली. मग देठ कापायला लागली. पाच मिनिटं, जीभ बाहेर काढून. मी भोपळा धरून ठेवला, हात लावला नाही. देठ तुटलं तेव्हा ती मागे पडली आणि इतकी हसली की पलीकडच्या पट्टीवरचे लोक वळून बघायला लागले. बाई हात उंचावून म्हणाल्या, "आली वाटतं!"

माळ्याच्या कुदळीतून सुटलेली चार रताळी मुलाला मातीत सापडली. माझा मुलगा मातीत गुडघे टेकून बसलेला मी पंचवीस वर्षांत पाहिला नव्हता. ती भाजली. एक जास्त जळलं. त्याने त्यातलंच एक सोललं, फुंकर मारली आणि स्वतः खाण्याऐवजी माझ्यापुढे धरलं. मी घेतलं. गरम होतं.

भोपळ्याच्या चार फोडी निखाऱ्यावर टाकल्या. भिंगरीने दोन खाल्ल्या आणि "मला काही नको" म्हणाली. मी तिसरी दिली. ती खाल्ली.

एकला पाच मिनिटं असताना मुलाने घड्याळ बघितलं. एक वाजता स्कूटर चालू झाली. उरलेला भोपळा दोघांच्या मध्ये, भिंगरीच्या मांडीत. तिने छोटं हेल्मेट घालायच्या आधीच ओरडून सांगितलं, "आजोबा, येते!"

"कधी?"

"उद्या!"

उद्या सोमवार आहे. शाळा आहे. मुलगा हसला, मग हसू आवरून म्हणाला, "सांगतो बाबा, तारीख सांगतो." हेल्मेट चढवलं आणि गेला. खडखड वळणापर्यंत ऐकू आली, मग पुलापर्यंत, मग रस्त्याचे बाकीचे आवाज आले. विस्तव विझवला, माती लोटली. चार ताटल्यांपैकी तीन वापरल्या गेल्या. बाईंच्या पट्टीवर जेवणं चालली होती. आज मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो.

घरी आल्यावर सूनबाईची पिशवी उघडली. आत लाडवांचा डबा, धुतलेले दोन जुने शर्ट, आणि आल्या-मधाची बाटली. बुचावर कापड, कापडावर दोरा, दुहेरी पीळ. सात वेढे मोजले, सातही होते. गाठ माझीच, कुणी हात न लावलेली. मुलाला सर्दी झालेलीच नव्हती.